सातव्या कॅव्हलरीचं निशाण: १८७६चं की १९६६चं?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहते. किलीनच्या एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, मला एक लाल-पांढरं, शेपटीला खाच असलेलं निशाण मिळालं. वरच्या लाल भागात पांढरा ७, खालच्या पांढऱ्या भागात लाल ‘बी’. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ‘कस्टरची सातवी कॅव्हलरी, १८७६’. काठीकडची बाजू २० इंच आणि लांबी साधारण साडेसत्तावीस इंच भरली. कापड लोकरीसारखं, जरा खरखरीत आहे. काठी घालायच्या नळीवर आतून पुसट काळा शिक्का आहे. त्यात एका ओळीत ‘८३४५’ आणि खालच्या ओळीत ‘१००-६’ एवढंच लागतं. लाल कापडाला चार-पाच भोकं आहेत. हे खरंच त्या काळातलं आहे का? आम्ही पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परत जातोय. तिथे ते जपायचं कसं?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर: चिठ्ठी आधी बाजूला ठेवा. हे निशाण १८७६चं नाही. तुम्ही दिलेल्या मापांवरून आणि शिक्क्यावरून ते बहुधा १९६२ ते १९६९ या काळात सरकारी कंत्राटावर शिवलेलं, अमेरिकी सैन्याचं अस्सल गायडन आहे. कस्टर, म्हणजे सातव्या कॅव्हलरीचा (घोडदळ रेजिमेंटचा) १८७६मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेलेला अधिकारी, हातचा गेला, पण हातात काही राहिलं नाही असं मात्र नाही.

गायडन म्हणजे घोडदळाच्या एका कंपनीचं किंवा ट्रूपचं ओळखनिशाण. रेजिमेंटचा मोठा ध्वज वेगळा असतो. चिठ्ठी खोटी ठरते ती कापड तपासायच्या आधीच, नुसत्या नक्षीवरून. लाल-पांढरं गायडन अमेरिकी घोडदळात १८३०च्या दशकात, ड्रॅगून नावाच्या घोडेस्वार पलटणींपासून आलं. पण त्यावर लाल भागात ‘यू.एस.’ ही अक्षरं असत आणि पांढऱ्या भागात कंपनीचं अक्षर. यादवी युद्ध सुरू झालं आणि जानेवारी १८६२च्या आदेशाने हे रूप बदललं: गायडनही राष्ट्रध्वजासारखं, निळ्या चौकोनात तारे आणि पुढे लाल-पांढरे पट्टे, फक्त शेपटीला खाच. १८८५मध्ये लाल-पांढरं परत आलं, आणि तेव्हा ‘यू.एस.’च्या जागी रेजिमेंटचा आकडा बसला. म्हणजे वर ७ आणि खाली ‘बी’ ही मांडणी १८८५च्या आधीची असूच शकत नाही. लिटल बिगहॉर्नची लढाई जून १८७६ची, तारे-पट्ट्यांच्या काळातली. सिनेमावाल्यांनी कस्टरच्या हाताखालच्या स्वारांच्या हाती सर्रास लाल-पांढरी निशाणं दिली, ती लोकांच्या डोळ्यांत बसली, आणि विक्रेते त्याच आठवणीवर चिठ्ठ्या लिहितात.

त्या लढाईनंतर रणांगणावर सार्जंट फर्डिनंड कल्बर्टसनला एका मृत सैनिकाखाली सापडलेलं गायडन तारे-पट्ट्यांचंच आहे. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने ते १८९५मध्ये ५४ डॉलरला घेतलं होतं. डिसेंबर २०१०मध्ये सदबीजच्या लिलावात ते सुमारे २२ लाख डॉलरला गेलं. अशी वस्तू किलीनला गॅरेजमधल्या टेबलावर मिक्सर आणि जुन्या कॅसेटींच्या शेजारी पडून राहत नाही. शिवाय, त्या दिवशी सातव्या रेजिमेंटची ‘बी’ कंपनी कॅप्टन मॅकडूगलच्या हाताखाली सामानाच्या खेचरांबरोबर मागे होती. ती कस्टरच्या तुकडीत नव्हतीच.

आता माप. १८८५च्या पिढीची गायडनं मोठी: काठीकडे २७ इंच, लांबी ४१ इंच, खाच १५ इंच खोल. पुढे विसाव्या शतकात ती लहान झाली. सैन्याच्या आजच्या नियमातलं माप काठीकडे २० इंच, लांबी पावणेअठ्ठावीस इंच, खाच १० इंच. तुमचं निशाण या लहान मापाचं आहे. लांबीत पाव इंच कमी भरतो तो शेपटीची टोकं विरण्यामुळे. वारा लागतो तो तिथेच, आणि विरलेली टोकं कापून पुन्हा दुमडून शिवायची पद्धत होती. म्हणून वाचकांनी कुठलंही गायडन मोजताना काठीकडच्या बाजूवर आधी विश्वास ठेवावा, ती सहसा बदलत नाही. निशाण सपाट टेबलावर पसरा, ओढू नका, कापडी टेपने तीन ठिकाणी मोजा. खाचेची खोली मोजायची तर शेपटीच्या दोन्ही टोकांवर एक पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून खाचेच्या तळापर्यंत अंतर घ्या. भगव्या ध्वजाची दोन टोकं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे काय मोजायचं ते लगेच कळेल.

शिक्का हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा. ‘८३४५’ हा अमेरिकी सरकारच्या पुरवठा यादीतला ध्वज-पताकांचा वर्ग क्रमांक आहे. त्यापुढे आणखी आकडे असणार. एकूण ११ आकडे, म्हणजे ४-३-४ अशी मांडणी असेल तर ती १९७४च्या आधीची पद्धत. १३ आकडे, ४-२-३-४ असे, आणि दुसऱ्या गटात ‘००’ किंवा ‘०१’ असेल तर १९७४ नंतरची. हा फरक एकट्यानेच बराच काळ कापून टाकतो.

खालची ओळ कंत्राटाची. ‘१००-६’च्या आधी बहुधा ‘डीएसए’ ही अक्षरं पुसली गेली आहेत. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, सैन्याला माल पुरवणारी सरकारी संस्था. ती ऑक्टोबर १९६१मध्ये स्थापन झाली आणि जानेवारी १९७७मध्ये तिचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं. पूर्ण ओळ उदाहरणार्थ ‘डीएसए १००-६७-सी-’ आणि पुढे चार आकडे अशी दिसते. मधले दोन आकडे आर्थिक वर्षाचे. तेव्हा अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं, म्हणजे ‘६७’ असेल तर कंत्राट जुलै १९६६ ते जून १९६७मधलं. तुम्हाला ६ दिसतो, पुढचा आकडा हवाय. तो ० किंवा १ असणं कठीण, कारण एजन्सीच तेव्हा धड उभी नव्हती.

तो आकडा काढायचा असा. खोलीत अंधार करा. नळी आत डोकावता येईल एवढीच उघडी धरा, शिवण उसवू नका. एका बाजूने टॉर्च जवळजवळ कापडाला समांतर धरा आणि फोनने फोटो काढा. टॉर्च चार दिशांनी फिरवून चार फोटो घ्या. मग फोनवरच फोटो काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवा. लाल कापडावरच्या काळ्या शाईसाठी फोटोतला लाल रंग उजळ करा, म्हणजे कापड फिकं पडतं आणि शाई उठून दिसते. ओलं फडकं, स्पिरिट, ‘ऑनलाइन वाचलं म्हणून’ लिंबू, असलं काहीही नको. लाल रंग पांढऱ्या भागात उतरला की तो डाग कायमचा.

शिक्का कोणी नंतर मारला असेल का, अशी शंका घेणं रास्त आहे. पण १८७६ म्हणून खपवायचं निशाण असेल तर त्यावर साठच्या दशकाचा शिक्का कोण मारेल? तुमच्या बाबतीत चिठ्ठी आणि शिक्का एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणात शिक्का जिंकतो. विक्रेत्याने बहुधा आत पाहिलंच नाही.

तरी कापड तपासाच. नळीच्या आत शिवणीच्या कडेला कापडाचे मोकळे धागे असतात, त्यांतला सेंटिमीटरभर चिमट्याने घ्या, ताण्याचा (उभा) वेगळा आणि बाण्याचा (आडवा) वेगळा. बशीवर, पाणी जवळ ठेवून, लायटरने पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते, आणि उरतो तो काळा गोळा बोटाने चिरडला की भुगा होतो. रेशीमही जवळपास तसंच. सुती किंवा रेयॉन कागदासारखा जळतो, मऊ राखाडी राख उरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात आणि कडक मणी बनतो, तो चिरडत नाही. दोन्ही धागे वेगळे निघाले किंवा एकाच धाग्यात दोन्ही लक्षणं आली तर कापड मिश्र आहे. नायलॉन बाजारात आलं १९३०च्या दशकाच्या शेवटी, त्यामुळे त्याचा एक तंतू सापडला तरी निशाण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं नाही. शंका राहिली तर दुसरा धागा काचेच्या वाटीत साध्या क्लोरीन ब्लीचमध्ये टाका. लोकर आणि रेशीम विरघळून नाहीसे होतात, सुती आणि नायलॉन राहतात.

इथे एक नियम लक्षात ठेवायचा, आणि नवशिके संग्राहक त्यातच फसतात. कापडाची किंवा नक्षीची खूण सहसा फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते, ‘याच्या नंतरचं नाही’ हे सांगत नाही. बंटिंग, म्हणजे ध्वजांसाठीचं लोकरीचं कापड, १८९०मध्येही होतं आणि १९५०मध्येही. ताऱ्यांच्या गायडनबाबत तर हा घोटाळा नेहमीचा. ३५ तारे अधिकृतपणे जुलै १८६३ ते जुलै १८६५पर्यंतचे. पण युद्ध संपल्यावर गोदामांत माल शिल्लक राहिला आणि १८६६मध्ये फोर्ट रायलीला उभ्या राहिलेल्या सातव्या कॅव्हलरीसारख्या नव्या रेजिमेंटांनाही जुन्या ताऱ्यांची निशाणं मिळू शकत होती. म्हणजे ३५ ताऱ्यांचं गायडन पाहून ‘यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचं असेल’ म्हणणं घाईचं, आणि ‘सातव्या रेजिमेंटचं असूच शकत नाही’ म्हणणंही घाईचं.

उलट काही खुणा एका झटक्यात निकाल लावतात. कंपनीचं अक्षर ‘जे’ असेल तर विसरा. अमेरिकी रेजिमेंटमध्ये ‘जे’ कंपनी नसते, ‘आय’नंतर थेट ‘के’. सातवी ते दहावी रेजिमेंट १८६६ची, अकरावी ते पंधरावी १९०१ची, त्यामुळे ‘१२ कॅव्हलरी, १८९०’ अशी चिठ्ठी दिसली की हसून पुढे जा. घोडदळात ‘कंपनी’ऐवजी ‘ट्रूप’ हा शब्द १८८३पासून रुळला, म्हणून १८७०च्या दशकातल्या म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूवर ‘ट्रूप’ छापलेलं असेल तर तेही संशयास्पद. अक्षरांभोवतीची नागमोडी मशीनची शिलाई १८९०च्या दशकानंतरची समजा. आणि कस्टरच्या नावाने आणखी एक निशाण बाजारात फिरतं, लाल-निळं, मधे पांढऱ्या तिरक्या तलवारी. ते त्याचं वैयक्तिक निशाण होतं खरं, पण विक्रीला दिसतात ती जवळपास सगळी स्मृतिवस्तूंच्या दुकानांतली.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चबद्दल दोन शब्द, कारण हल्ली तो प्रत्येकाच्या हातात असतो. कापड निळसर-पांढरं झगमगलं की ‘नकली’ म्हणायची घाई होते. झगमगाट देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर कापडात आणि धुण्याच्या पावडरीत आली. पण जुनं निशाण कोणी १९७०मध्ये मशीनला लावून धुतलं असेल तरी ते झगमगेल. न रंगवलेली लोकर आणि रेशीम मुळातच मंद चमकतात. म्हणून सगळं कापड न पाहता शिवणीचा धागा पाहा. कापड मंद आणि धागा लख्ख असेल तर धागा नवा आहे, मग प्रश्न एवढाच की दुरुस्ती झाली की सगळं निशाणच नवं शिवलं. तुमच्या साठच्या दशकातल्या निशाणात मात्र झगमगाट दिसला तर त्यात नवल काही नाही.

भोकांविषयी. लाल कापड लोकरीचं आणि अक्षरं सुती असतील तर भोकाच्या कडेवर भिंग धरा. कसर लोकर खाते आणि सुती सहसा सोडते, त्यामुळे खऱ्या कसरीच्या भोकात अक्षराच्या कडेची शिलाई अधांतरी लटकलेली दिसते, खालचं लाल कापड गायब आणि वर सुती दोरा तसाच. भोकाच्या आसपास कापडाचा वरचा थरही खरवडल्यासारखा पातळ झालेला असतो. सिगारेटने किंवा उदबत्तीने पाडलेल्या भोकाची कड तपकिरी, कडक आणि गोल असते, आणि ती भोकं सोयीच्या जागी असतात, आकड्याला न लागता. जुनेपणाचा दुसरा कस नळीच्या आत. उन्हाने विटलेल्या निशाणाचा लाल रंग दुमडीच्या आत अजून तेजदार असतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं असेल तर पांढरा भाग शिवणीच्या आतही तेवढाच पिवळा दिसतो.

आता ‘७’ आणि ‘बी’ म्हणजे नक्की कोण? यात सावध राहा. साठच्या दशकात सातव्या कॅव्हलरीच्या एकाहून अधिक बटालियन होत्या. फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजनबरोबर १९६५मध्ये व्हिएतनामला गेलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या बटालियनमध्ये दोघींचीही ‘बी’ कंपनी होती. पहिली बटालियन नोव्हेंबर १९६५मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात लँडिंग झोन एक्स-रेवर लढली, आणि किलीनला लागूनच असलेल्या फोर्ट हूडवर ही डिव्हिजन १९७१पासून आहे, म्हणून विक्रेते आता कस्टरऐवजी इया द्रांग विकायला लागलेत. निशाणावर काठीच्या बाजूला वेगळा लहान आकडा शिवलेला असेल, किंवा काढल्याच्या सुईच्या भोकांची रांग दिसत असेल, तर तो बटालियनचा असू शकतो. ती जागा टॉर्चने नीट बघा. नसेल तर ‘सातवी कॅव्हलरी, बी कंपनी किंवा ट्रूप’ इथेच थांबायचं. निशाण फोर्ट हूडच्या गोदामातून कधीच बाहेर पडलं नसेल हेही शक्य आहे.

पुढची माहिती कापडातून निघणार नाही, घरातून निघेल. सेल लावणाऱ्या कंपनीला सांगा की मूळ कुटुंबाला तुमचं पत्र पोचवा. नाव-पत्ता ते देणार नाहीत, पण पत्र बहुतेक वेळा देतात. पत्रात मोजके प्रश्न: घरातलं कोण सैन्यात होतं, कोणत्या वर्षी, कोणत्या बटालियनमध्ये, सेवामुक्तीचा दाखला म्हणजे ‘डीडी २१४’ किंवा एखादा फोटो आहे का. सैनिकाच्या कागदांसाठी सेंट लुइसचं अभिलेखागार आहे, पण सेवा संपून ६२ वर्षं झाल्याशिवाय ती फाइल सर्वांना खुली होत नाही. तोवर सैनिकाच्या किंवा जवळच्या नातलगाच्या परवानगीशिवाय थोडीच माहिती मिळते. आणि १९६०पूर्वी सेवामुक्त झालेल्यांच्या बऱ्याच फाइली १९७३च्या आगीत गेल्या. फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजन असोसिएशनमधल्या जुन्या मंडळींना फोटो दाखवा. नळीचा, शिक्क्याचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो एकदम पाठवा, म्हणजे फेऱ्या वाचतील. निशाण एखाद्या प्रसंगाशी कागदोपत्री जुळलंच तर विकायच्या आधी डिव्हिजनच्या संग्रहालयाला विचारा. सैन्याचे अधिकृत ध्वज सरकारी मालमत्ता समजले जातात आणि असा दावा नंतर निघणं त्रासाचं.

विकायचं ठरलं तर वर्णन असं लिहा: ‘अमेरिकी सैन्याचं गायडन, सातवी कॅव्हलरी, बी, सरकारी कंत्राटाचा शिक्का, अंदाजे १९६२–६९, २० × २७½ इंच, लाल भागात चार-पाच भोकं, वापराचा इतिहास माहीत नाही.’ कस्टरची चिठ्ठी जोडू नका, कितीही मोह झाला तरी. शिक्क्याचा फोटो पहिला लावा.

पुण्याला नेताना आणि तिथे ठेवताना मुख्य शत्रू दोन, कसर आणि दमट हवा. निघण्याआधी निशाण आम्लरहित टिश्यूत सैल गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं. हा उपाय लोकरीच्या, अक्षरं कुंचल्याने न रंगवलेल्या निशाणांसाठी आहे. कुंचल्याने अक्षरं रंगवलेल्या रेशमी गायडनला फ्रीझर दाखवू नका, रंगाचे पापुद्रे निघतील. धूळ काढायची तर निशाणावर नायलॉनची जाळी ठेवून व्हॅक्यूमची ओढ अगदी कमी करा. धुणं, इस्त्री, ड्रायक्लीन काहीही नाही.

ठेवायचं तर घडी न घालता, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर टिश्यू लावून गुंडाळून, वर सुती मलमल. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका. पावसाळ्यात कपाटात लहान आर्द्रतामापक ठेवा. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहिला तर सिलिका जेलच्या पुड्या बदला आणि निशाण बाहेर काढून बघा. भिंतीवर लावायचा आग्रह असेल तर फ्रेमवाल्याला आधी बजावा: डिंक नाही, टेप नाही, स्टेपल नाही. सुती कापड चढवलेल्या पाठीवर मोकळ्या टाक्यांनी शिवायचं, पुढची काच अतिनील किरण अडवणारी हवी आणि काच कापडाला टेकता कामा नये, मधे चौकटीच्या कडेने पट्टी हवी. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पुण्याच्या पावसात ती ओल धरते. भोकांच्या कडा विरत असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राकडे चौकशी करा, घरी रफू करू नका.

एक जाता जाता, कारण अशी पत्रं इकडूनही येतात. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यात किंवा जुन्या बाजारात लहानसं लाल-पांढरं, दोन टोकांचं, कोणताही आकडा किंवा अक्षर नसलेलं कापड सापडलं तर ते अमेरिकी गायडन नव्हे. ती ब्रिटिश किंवा ब्रिटिश-भारतीय लान्सर पलटणींच्या भाल्याची पताका असण्याची शक्यता जास्त. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या भाल्यांवर आजही तशाच लाल-पांढऱ्या पताका दिसतात. तिथे रेजिमेंट शोधायला आकडा नसतो, त्यामुळे शिक्का, भाल्याला बांधायच्या जागेवरची झीज आणि घराण्यातले कागद एवढ्यावरच काम चालवावं लागतं.